शिराळ्याचा अकरावा मारुती आणि समर्थ रामदास

बत्तीस शिराळा म्हटले की महाराष्ट्राला नागपंचमी आठवते. सांगली जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या उतारावर वसलेले हे गाव नागांचे गाव म्हणून देशभर ओळखले गेले. गोरक्षनाथांनी इथे नागपूजेचा प्रघात घातला, अशी श्रद्धा गावात पिढ्यान् पिढ्या जपली गेली. वन्यजीव संरक्षणाचा १९७२ चा कायदा आणि पुढे उच्च न्यायालयाने दिलेले निर्देश यांमुळे जिवंत नागांच्या मिरवणुकीचे स्वरूप पालटले. तरीही गावाची ओळख मात्र तीच राहिली. या ओळखीच्या झळाळीत शिराळ्याचे दुसरे एक वैभव काहीसे झाकोळून गेले आहे. एस. टी. स्थानकापासून जवळच असलेल्या जुन्या देवळात सुमारे सात फूट उंचीची, चुन्यात घडविलेली मारुतीची मूर्ती उभी आहे. समर्थ रामदासस्वामींनी स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी हा अखेरचा. शके १५७६, म्हणजे इसवी सन १६५४ च्या सुमारास त्याची स्थापना झाली, असे सांप्रदायिक परंपरा सांगते.

हा अकरावा मारुती समर्थांच्या आयुष्याच्या जवळजवळ मध्यावर उभा आहे. त्याच्या अलीकडे घर सोडून निघालेल्या एका मुलाची तपश्चर्या, देशभरची भटकंती आणि कृष्णाकाठी उभारलेले कार्य आहे, तर पलीकडे दासबोधाची रचना, शिवछत्रपतींशी आलेला संबंध आणि सज्जनगडावरील अखेरची वर्षे. समर्थांच्या चरित्रातील अनेक प्रसंगांविषयी अभ्यासकांत वाद आहेत. कृष्णा-वारणेच्या खोऱ्यात पसरलेले हे अकरा मारुती मात्र आजही जागेवर आहेत, आणि समर्थांचा माग काढू पाहणाऱ्याला या देवळांच्या वाटेने जाता येते.

जांबचा नारायण

समर्थांचे मूळ नाव नारायण सूर्याजी ठोसर. आजच्या जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात असलेल्या जांब या गावी, शके १५३० मध्ये म्हणजे १६०८ साली, रामनवमीच्या दिवशी त्यांचा जन्म झाला. वडील सूर्याजीपंत गावचे कुलकर्णी आणि सूर्योपासक; आई राणूबाई. थोरले बंधू गंगाधर हेही पुढे रामभक्त म्हणून नावारूपाला आले आणि संप्रदायात श्रेष्ठ या नावाने ओळखले गेले. घरात रामाची उपासना होती. नारायण सात वर्षांचा असताना वडील निवर्तले आणि घराची जबाबदारी आई व थोरल्या भावावर पडली.

बाराव्या वर्षी लग्नाच्या बोहल्यावरून नारायण पळून गेला, ही कथा मराठी घरांत लहान मुलांनाही ठाऊक असते. मंगलाष्टके म्हणताना भटजींनी उच्चारलेला सावधान हा शब्द कानी पडताच तो खरोखरीच सावध झाला, असे परंपरा सांगते. या कथेतील तपशिलांना समकालीन कागदपत्रांचा आधार नसला, तरी नारायणाने ऐन पोरवयात घर सोडले, संसार केला नाही आणि तो थेट गोदावरीच्या काठाने नाशिकला पोहोचला, याविषयी सर्व चरित्रकारांचे एकमत आहे.

नाशिकजवळ टाकळी येथे, नंदिनी आणि गोदावरी यांच्या संगमावर, त्याने बारा वर्षे काढली. पहाटेपासून मध्यान्हापर्यंत नदीच्या पाण्यात उभे राहून रामनामाचा जप, त्यानंतर पंचवटीत माधुकरी आणि उरलेल्या वेळात ग्रंथांचे वाचन व लेखन, असा त्याचा दिनक्रम होता. नमस्कारांचा व्यायामही त्यात होता. शरीर दुबळे ठेवून परमार्थ करावा, हे त्याला मान्य नव्हते. पुढे त्याने मारुती हे दैवत निवडले त्यामागची भूमिका इथेच घडली. टाकळीला गोमयाचा, म्हणजे शेणाचा मारुती त्याने घडविला आणि उद्धव या आपल्या पहिल्या शिष्याकडे तो मठ सोपवून तो बाहेर पडला. तेव्हा त्याचे वय चोवीस वर्षांचे होते. जांबचा नारायण आता रामदास झाला होता.

दुष्काळातून देशाटन

१६३२ च्या सुमारास रामदास तीर्थाटनाला निघाले. ती वेळ लक्षात घेण्याजोगी आहे. १६३० ते १६३२ या काळात दख्खन आणि गुजरात एका भीषण दुष्काळाने होरपळून निघाले होते. गावेच्या गावे ओस पडली होती. त्यातच मोगल, निजामशाही आणि आदिलशाही यांच्या फौजांची ये-जा सुरू होती. १६३६ मध्ये निजामशाही संपली आणि तिचा मुलूख मोगल व आदिलशहा यांनी वाटून घेतला. रामदासांचे जन्मगावही याच निजामशाही मुलखातले. ज्या प्रदेशात ते वाढले, तिथली राजवट त्यांच्या भटकंतीच्या काळातच नाहीशी झाली.

बारा वर्षे ते उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत फिरले. काशी, अयोध्या, बदरीनारायण, रामेश्वर अशी तीर्थे त्यांनी पाहिल्याचे चरित्रकार सांगतात. या काळात तीर्थांबरोबरच त्यांनी माणसेही पाहिली. अस्मानी सुलतानी आणि परचक्रनिरूपण ही त्यांची दोन प्रकरणे वाचली की हे कळते. भुकेने देशोधडीला लागलेली कुटुंबे, लुटले गेलेले गावकरी, बाटवल्या गेलेल्या आणि विकल्या गेलेल्या स्त्रिया यांची वर्णने त्यांत येतात. मराठी संतवाङ्मयात आपल्या काळाच्या दैन्याची इतकी थेट नोंद क्वचितच झाली आहे. एकट्याच्या मुक्तीचा विचार करीत बसणे या माणसाला पुढे का जमले नाही, याचे उत्तर या दोन प्रकरणांत सापडते.

देशाटनानंतर ते जांबला जाऊन आईला भेटले. चोवीस वर्षे मुलाची वाट पाहून तिची दृष्टी गेली होती आणि मुलाच्या स्पर्शाने ती परत आली, अशी कथा आहे. चमत्कार बाजूला ठेवला तरी, बाराव्या वर्षी निघून गेलेला मुलगा छत्तिसाव्या वर्षी दारात उभा राहिला, एवढी गोष्टही पुरेशी हृदयस्पर्शी आहे. मात्र ते घरी राहिले नाहीत. आईचा निरोप घेऊन ते कृष्णेच्या खोऱ्याकडे वळले.

कृष्णाकाठी दहा वर्षे

१६४४ च्या सुमारास रामदास महाबळेश्वर, वाई, माहुली असे फिरत कऱ्हाडच्या परिसरात आले. पुढची दहा वर्षे हा त्यांच्या कार्याचा पाया घातला जाण्याचा काळ होय. अकराही मारुती याच दहा वर्षांतले आहेत.

पहिला मारुती कऱ्हाडजवळच्या शहापूरचा, शके १५६६ मधला. दुसरा मसूरचा, शके १५६७ मधला. मसूरला रामनवमीचा उत्सवही समर्थांनी सुरू केला. शके १५७० मध्ये, म्हणजे १६४८ साली, चाफळला मांड नदीच्या काठी त्यांनी रामाचे मंदिर उभारले. इथली राममूर्ती अंगापूरजवळ कृष्णेच्या डोहात मिळाली, असे परंपरा सांगते. त्याच ठिकाणी दोन मारुती आहेत. रामासमोर हात जोडून उभा असलेला दासमारुती आणि मंदिरामागचा प्रतापमारुती. पुढच्याच वर्षी चाफळच्या आसपास तीन मारुती झाले. शिंगणवाडीच्या टेकडीवरचा लहानसा मारुती, उंब्रजचा मारुती आणि माजगावचा मारुती. माजगावला गावाच्या शिवेवर पुजला जाणारा एक दगड होता. समर्थांनी त्याच दगडावर मारुती कोरविला, असे सांगतात. लोकांची जुनी श्रद्धा न मोडता तिला नवे रूप देण्याची त्यांची हातोटी या उदाहरणातून दिसते.

त्यानंतर ते दक्षिणेकडे सरकले. शके १५७३ मध्ये कृष्णेच्या पात्रातील बेटावर बहे-बोरगावचा मारुती आणि त्याच वर्षी मनपाडळ्याचा मारुती स्थापन झाला. शके १५७४ मध्ये वारणेच्या खोऱ्यात पारगावचा मारुती झाला. अकरांतला हा सर्वांत लहान, जेमतेम दीड फुटाचा. आणि शके १५७६ मध्ये शिराळा. आजच्या जिल्ह्यांत मांडायचे तर सात मारुती सातारा जिल्ह्यात, दोन सांगलीत आणि दोन कोल्हापुरात येतात. वेणास्वामींच्या एका अभंगात या अकराही गावांची नावे गुंफलेली असून भाविक तीच यादी प्रमाण मानतात.

या यादीत एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. हे अकराही मारुती स्थापन झाले तेव्हा हा सारा मुलूख आदिलशाहीच्या अमलाखाली होता. शिवाजी महाराजांनी जावळी घेतली ती १६५६ मध्ये. अफजलखानाचा वध १० नोव्हेंबर १६५९ रोजी झाला आणि त्यानंतरच्या काही दिवसांत मराठी फौजा कऱ्हाड, वाळवे, शिराळे या भागांतून पन्हाळ्यापर्यंत पोहोचल्या. म्हणजे शिराळ्यात मारुती उभा राहिला तो स्वराज्य तिथे येण्याच्या पाच वर्षे आधी. देवळे उभारायला ना राजाश्रय होता, ना कोणाची हमी. गावचे देशपांडे, कुलकर्णी, पाटील आणि सामान्य कुणबी यांच्या बळावरच हे काम झाले.

शिराळ्याची मूर्ती

शिराळ्याचे भौगोलिक स्थान पाहिले की समर्थांनी हे गाव निवडल्याचे नवल वाटत नाही. मोरणा नदीच्या काठावरचे हे गाव आसपासच्या बत्तीस खेड्यांचे मुख्य ठिकाण होते आणि त्यावरूनच त्याला बत्तीस शिराळा हे नाव मिळाले, असे सांगितले जाते. कोकणातून आंबा घाटाने वर येऊन मलकापूरमार्गे कऱ्हाडकडे जाणाऱ्या वाटेवर ते येते. गावात भुईकोट होता, बाजार होता, आणि नाथपंथाचे जुने ठाणेही होते. गोरक्षनाथांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या गावात रामदासांनी आपला मारुती आणला, तोही आधीच्या श्रद्धेला धक्का न लावता. आज एकाच गावात अंबामाता, गोरक्षनाथ आणि समर्थांचा मारुती ही तिन्ही दैवते गुण्यागोविंदाने नांदत आहेत.

इथल्या देशपांडे घराण्यातील शिष्याच्या आग्रहावरून समर्थांनी ही स्थापना केली, असे परंपरा मानते. मूर्ती उत्तराभिमुख असून तिच्या कमरपट्ट्याला घंटा दाखविल्या आहेत. देवळाच्या भिंतींत पूर्वेला व पश्चिमेला झरोके ठेवलेले असून सूर्य उगवताना आणि मावळताना त्यांतून येणारा प्रकाश मूर्तीच्या मुखावर पडतो. ही योजना पाहून आजचा वास्तुविशारदही थबकतो.

अकरांपैकी अनेक मूर्ती दगडात कोरलेल्या नाहीत, तर चुन्यात घडविलेल्या आहेत, हेही अर्थपूर्ण आहे. उंब्रजच्या मूर्तीबाबत चुना, वाळू आणि ताग यांचा वापर झाल्याचे सांगितले जाते. दगडाची मूर्ती घडवायची तर कुशल पाथरवट, दूरवरून आणलेली शिळा आणि बराच पैसा लागतो. चुना मात्र गावच्या घाण्यात मळता येतो. तागही शेतात पिकतो. त्यामुळे गावकऱ्यांच्या हातांनी, गावातल्याच सामग्रीतून देव उभा राहू शकतो. शिराळ्यासारख्या गावात सात फुटांचा देव उभा राहिला, त्यामागे हे साधे गणित होते. पाऊस-वारा आणि शेंदराचे थर यांना तोंड देत या मूर्ती साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ टिकल्या.

मारुतीच का, याचे उत्तर समर्थांच्या विचारात आहे. विठ्ठल कटेवर हात ठेवून उभा असतो. भक्ताने त्याच्याकडे प्रेमाने पाहावे. मारुती हा स्वतःच भक्त आहे, आणि तो कामाला लागलेला भक्त आहे. समुद्र ओलांडणारा, डोंगर उचलणारा, आणि तरीही स्वामीपुढे हात जोडणारा. बळ, बुद्धी आणि निष्ठा या तिन्ही गोष्टी एका ठिकाणी असलेला आदर्श खचलेल्या समाजापुढे ठेवावा, हा त्यामागील हेतू उघड आहे. भीमरूपी स्तोत्र याच हेतूने घराघरांत गेले. मारुतीच्या देवळाला लागून तालीम असण्याची जी रीत महाराष्ट्रात रुजली, तिच्यामागे समर्थांच्या या उपासनेचा वाटा मोठा आहे.

मठ आणि माणसे

मारुती स्थापन करून समर्थ पुढे निघून जात. पण मागे माणसे ठेवून जात. त्यांच्या कार्याचे खरे बळ त्यांच्या मठांत होते. कोणाला कुठे पाठवावे, याची त्यांना अचूक पारख होती. कल्याणस्वामी हे त्यांचे सर्वांत निकटचे शिष्य. दासबोध त्यांनी समर्थांच्या मुखातून उतरवून घेतला, असे मानतात. पण त्यांनाही समर्थांनी कायम जवळ ठेवले नाही. परांड्याकडील डोमगावचा मठ त्यांच्याकडे सोपविला. दिवाकर गोसावी चाफळचा कारभार पाहत.

त्या काळाच्या मानाने सर्वांत धाडसाची गोष्ट म्हणजे स्त्रियांवर सोपविलेली जबाबदारी. मिरजेच्या वेणाबाई या बालविधवा. लोकापवादाला तोंड देत त्या समर्थांच्या शिष्या झाल्या, त्यांनी सीतास्वयंवरासारखे काव्य रचले, कीर्तने केली, आणि मिरजेचा मठ चालविला. ज्या समाजात विधवेने चारचौघांत उभे राहणेही निषिद्ध होते, तिथे एका विधवेला कीर्तनाला उभे करून मठाधिपती करणे ही साधी बाब नव्हती. कऱ्हाडच्या अक्काबाईंनी चाफळ आणि सज्जनगड इथला व्याप सांभाळला आणि समर्थांच्या पश्चात अनेक वर्षे तो निभावला. या दोघींच्याही समाध्या सज्जनगडावर आहेत. समर्थांच्या लेखनात वर्णव्यवस्थेचा पुरस्कार आढळतो आणि त्यावर आधुनिक काळात कठोर टीका झाली आहे. ती टीका डावलता येणार नाही. त्याचबरोबर वेणाबाई आणि अक्काबाई यांचे मठही डावलता येणार नाहीत. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या चरित्रातल्या आहेत.

घळीतील ग्रंथ

शिराळ्यानंतर समर्थांनी या मालिकेतील नवा मारुती स्थापन केला नाही. याच सुमारास त्यांचे लक्ष ग्रंथलेखनाकडे वळलेले दिसते. महाडजवळच्या डोंगरात शिवथरच्या घळीत त्यांनी दासबोध सांगितला, अशी मान्यता आहे. ही घळ धुळ्याचे समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९३० मध्ये प्रकाशात आणली. पावसाळ्यात तिच्या तोंडावरून धबधबा कोसळतो आणि आत मात्र शांतता असते.

दासबोधाच्या रचनेचा काळ ठरवायला एक अंतर्गत पुरावा आहे. सहाव्या दशकात कलियुगाची ४७६० वर्षे झाल्याचा उल्लेख येतो. त्याचा हिशेब इसवी सन १६५९ वर येऊन ठेपतो. म्हणजे अफजलखान स्वारीवर निघाला, त्याच वर्षी हा भाग लिहिला गेला. वीस दशक, दोनशे समास आणि ७७५१ ओव्या एवढा हा ग्रंथ. अध्यात्माच्या ग्रंथात अक्षर कसे काढावे, माणसे कशी जोडावीत, मूर्ख कोणाला म्हणावे, राजकारण कसे करावे आणि आळसाने काय होते, हे सांगणारे समास आहेत. संसार आणि परमार्थ यांतले एक सोडून दुसरे धरावे, हे त्यांना पटत नव्हते. प्रपंच नेटका करणाऱ्यालाच परमार्थ साधतो, हा त्यांचा आग्रह होता. स्वतः संसार न केलेल्या माणसाने गृहस्थांसाठी लिहिलेला इतका व्यवहारी ग्रंथ मराठीत दुसरा नाही. मनाचे २०५ श्लोक, करुणाष्टके आणि घरोघरी म्हटली जाणारी सुखकर्ता दुःखहर्ता ही गणपतीची आरती या त्यांच्याच रचना.

शिवछत्रपती आणि समर्थ

समर्थांच्या चरित्रातील सर्वांत वादग्रस्त प्रकरण म्हणजे शिवाजी महाराजांशी त्यांचा संबंध. सांप्रदायिक परंपरेनुसार १६४९ मध्ये चाफळजवळ शिंगणवाडीला त्यांची पहिली भेट झाली आणि महाराजांनी अनुग्रह घेतला. दुसऱ्या बाजूला, शिष्यमंडळींच्या १६७२ च्या पत्रव्यवहाराचा आधार घेऊन ही भेट त्या वर्षापर्यंत झालीच नव्हती, असे मांडणारे अभ्यासक आहेत. १६७८ च्या चाफळच्या सनदेच्या अस्सलपणाविषयीही मतभेद आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभापासून हा वाद सुरू आहे. पुढे त्याला जातीय आणि राजकीय रंग चढत गेल्याने कागदपत्रांपेक्षा आवेशच अधिक दिसू लागला.

या वादात शिराळ्यासारख्या ठिकाणांचा पुरावा काही सांगू शकतो का? काही प्रमाणात सांगू शकतो. पहिली भेट १६४९ ची मानली, तरी अकरा मारुतींच्या उभारणीला राज्यसत्तेचे साहाय्य नव्हते, कारण हा मुलूख तेव्हा स्वराज्यात नव्हताच. आणि ती भेट १६७२ ची मानली, तरी समर्थांचे कार्य त्याआधी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे या खोऱ्यात चालू होते. म्हणजे शिवाजी महाराजांचे राज्य उभारण्याचे कर्तृत्व समर्थांवर अवलंबून नव्हते आणि समर्थांचे समाज उभारण्याचे कार्यही महाराजांवर अवलंबून नव्हते. एकाच काळात, एकाच दुःस्थितीला दोन असामान्य माणसांनी आपापल्या परीने दिलेली ही उत्तरे होती. त्यांतल्या एकाला मोठे करण्यासाठी दुसऱ्याला लहान करण्याची आवश्यकता नाही. अकरा मारुतींचा मूक पुरावा इतके तरी निश्चित सांगतो.

उत्तरायुष्यातील संबंध मात्र अधिक स्पष्ट आहे. १६७३ मध्ये परळीचा किल्ला महाराजांनी घेतला आणि १६७६ मध्ये समर्थ तिथे वास्तव्यास आले. परळीचा सज्जनगड झाला.

सज्जनगडावरील अखेर

आयुष्यभर फिरत राहिलेल्या माणसाने अखेरची सहा वर्षे एका गडावर काढली. घळी, डोंगर आणि नदीकाठ ही त्यांची आवडती ठिकाणे. वय आणि प्रकृती यांमुळे त्यांना स्थिर व्हावे लागले. ३ एप्रिल १६८० रोजी रायगडावर शिवाजी महाराजांचे निधन झाले. त्यानंतर समर्थ फारसे बाहेर पडले नाहीत. संभाजी महाराजांना त्यांनी लिहिलेले पद्यरूप पत्र प्रसिद्ध आहे. नव्या राजाने माणसे सांभाळावीत, राग आवरावा आणि वडिलांचा आदर्श डोळ्यांपुढे ठेवावा, असा त्याचा आशय.

गडावर स्थापन करण्यासाठी राम, लक्ष्मण, सीता व मारुती यांच्या मूर्ती तंजावरहून आल्या आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, शके १६०३ च्या माघ वद्य नवमीला, म्हणजे १६८२ च्या आरंभी, समर्थांनी देह ठेवला. ही तिथी दासनवमी म्हणून पाळली जाते. समाधीवर राममंदिर उभे राहिले. रामाच्या पायाखाली दासाची समाधी अशी ती रचना आहे.

समर्थांनंतर अवघ्या सात वर्षांत शिराळ्यावरून एक दुर्दैवी वाट गेली. फेब्रुवारी १६८९ मध्ये संगमेश्वरला पकडलेल्या संभाजी महाराजांना मोगली फौज घाटमाथ्यावर घेऊन आली. त्यांना सोडविण्याचा प्रयत्न शिराळ्याच्या भुईकोटात झाला आणि तो फसला, असे स्थानिक परंपरा सांगते. बत्तीस खेड्यांच्या या गावाने ही आठवण अभिमानाने जपली आहे.

अकरावा मारुती आज

समर्थांचे वाङ्मय एकत्र करून जपण्याचे मोठे काम धुळ्यात झाले. १८९३ मध्ये स्थापन झालेली सत्कार्योत्तेजक सभा आणि १९३५ मध्ये उभे राहिलेले समर्थ वाग्देवता मंदिर यांत मठामठांतून मिळविलेली हस्तलिखिते सुरक्षित आहेत. देव यांनी गावोगाव पायपीट करून ही बाडे मिळविली नसती, तर त्यांतली कित्येक कसरीच्या पोटात गेली असती. चाफळचे राममंदिर ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपात हादरले. त्यानंतर उद्योगपती अरविंद मफतलाल यांच्या साहाय्याने त्याचा जीर्णोद्धार झाला. २०२२ च्या ऑगस्टमध्ये जांबच्या मंदिरातील, समर्थांच्या घराण्याच्या पूजेतील मूर्ती चोरीला गेल्या आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पोलिसांनी त्या शोधून काढल्या. साडेतीन-चार शतकांचा वारसा टिकवायला श्रद्धेइतकीच जागरूकताही लागते, याची ही आठवण.

अकरा मारुतींची यात्रा आता मोटारीने एक-दोन दिवसांत होते. चाफळ-उंब्रजच्या परिसरातले मारुती जवळजवळ असल्याने बहुतेक यात्रेकरू तिथेच रेंगाळतात. शिराळा एका टोकाला पडते. घाईच्या यात्रेत वेळ कमी पडला, तर तेच वगळले जाते. वस्तुतः समर्थांच्या दहा वर्षांच्या कार्याचा क्रम समजून घ्यायचा असेल, तर शहापूरहून निघून शिराळ्याला येणे हाच योग्य मार्ग. त्या क्रमाने गेल्यास कऱ्हाडच्या पेठेपासून सह्याद्रीच्या कुशीतील गावापर्यंत हे कार्य कसे पसरत गेले, ते ध्यानात येते.

शिराळकरांनी हे देऊळ नित्याच्या पूजेअर्चेने जागते ठेवले आहे. शनिवारी आणि हनुमान जयंतीला तिथे गर्दी लोटते. नागपंचमीला गावात येणाऱ्या हजारोंपैकी थोड्यांची जरी पावले या देवळाकडे वळली, तरी त्यांना समर्थांच्या चरित्राचे एक महत्त्वाचे पान वाचायला मिळेल. सूर्योदयाच्या वेळी ती मूर्ती पाहावी. पूर्वेच्या झरोक्यातून आलेला प्रकाश मारुतीच्या मुखावर पडतो तेव्हा गावच्या चुन्यातून, गावच्याच हातांनी घडलेले हे काम किती विचारपूर्वक झाले होते, ते पटते.